फॉरमॅट मारायच्या आधी

पत्राचा सारांश : सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहणाऱ्या निवृत्त शिक्षिकेचं हे पत्र. घरी २०१४ साली घेतलेला डेस्कटॉप आहे, त्यावर विंडोज १०. गावोगावच्या बायकांकडून ऐकलेल्या जात्यावरच्या ओव्या त्या त्यात उतरवून ठेवतात. घरचे सगळे फोटोही त्यातच. अलीकडे कॉम्प्युटर सकाळी सुरू केला की अर्धा तास हलत नाही, मग जरा बरा चालतो. तारीख आपोआप काही वर्षं मागे जाते आणि वेबसाइट उघडताना ‘कनेक्शन खासगी नाही’ असं येतं. कोपऱ्यात ‘व्हायरस सापडला’ अशा चौकटी उगवतात. पावसाळ्यात एक-दोनदा स्क्रीन काळीच राहिली, आतून नुसती बीप वाजत होती. दुरुस्तीला येणारा मुलगा दर वेळी फॉरमॅट मारून, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्यानं टाकून, जातो. महिनाभर बरं चालतं, पुन्हा तेच. मागच्या फॉरमॅटनंतर ओव्यांच्या फायली उघडल्या तर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसला. त्यांचा स्वतःचा मुलगा बंगळुरूला असतो, फोनवर सांगता सांगता वैतागतो. त्या विचारतात, ‘मी स्वतः हात लावला आणि सगळंच गेलं तर? की आता नवाच घेऊन टाकू?’

ताई, नमस्कार.

‘सकाळी अर्धा तास हलत नाही, मग जरा बरा चालतो,’ हे तुम्ही तक्रार म्हणून लिहिलंत. पण हे वाक्य वाचूनच बिघाड कुठे असावा याचा अंदाज येतो, इतकं ते नेमकं आहे. वर्षानुवर्षं बायकांच्या तोंडून ओव्या ऐकून शब्दन् शब्द टिपणाऱ्या माणसाला निरीक्षण शिकवावं लागत नाही. घरच्या कॉम्प्युटरच्या दुरुस्तीत निम्म्याहून जास्त काम हेच असतं : काय होतंय, कधी होतंय, कशानंतर होतंय ते पाहायचं. ‘मला यातलं काही कळत नाही’ हे तुमचं म्हणणं म्हणून मी तसंच्या तसं मान्य करणार नाही.

आता तुमच्या भीतीकडे येतो. ‘हात लावला आणि सगळंच गेलं तर’ या वाक्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बांधल्या गेल्यात. एक यंत्र, दुसरी तुमच्या फायली. यंत्राचं म्हणाल तर माउस आणि की-बोर्डनं ते सहसा बिघडत नाही. चुकीचं बटण दाबलं तर फार तर एखादी सेटिंग बदलते, ती परत करता येते. फायलींचं मात्र उलटं आहे. त्या कोणी हात न लावताही जातात. तुमच्या कॉम्प्युटरमध्ये बहुधा जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क आहे : आत धातूची चकचकीत तबकडी मिनिटाला ७२०० फेरे मारते आणि एक सुईसारखी दांडी तिच्यावरून केसाहूनही कमी अंतर राखून फिरते. अशी डिस्क दहा वर्षांनंतर कधी मान टाकेल याचा भरवसा नाही. तुम्ही हात लावत नाही म्हणून ओव्या सुरक्षित आहेत, असं समजू नका. त्या आज एकाच जागी आहेत आणि तीच जागा सगळ्यात कच्ची आहे.

म्हणून पहिलं काम दुरुस्तीचं नाहीच. एक बाहेरून लावायची हार्ड डिस्क घ्या आणि फायलींची नक्कल करा. आधी ओव्या, कारण त्या दुसरीकडे कुठेही नाहीत आणि आकारानं लहान आहेत, पाच-दहा मिनिटांत होतील. मग फोटो. ओव्यांची आणखी एक नक्कल गुगल ड्राइव्हवर टाका. तिथे १५ जीबी जागा फुकट मिळते, मजकुराला ती आयुष्यभर पुरेल. नुसत्या पेन ड्राइव्हवर विसंबू नका. तो ने-आण करायला ठीक, वर्षानुवर्षं जपून ठेवायला नाही.

नक्कल करताना एक गोष्ट लोकांच्या हमखास लक्षात राहत नाही. डिस्कचे सी, डी असे कप्पे पाडलेले असतात. दुकानदार ‘डी ड्राइव्हला हात लावत नाही, फक्त सी मारतो’ असं सांगतो आणि आपण निश्चिंत होतो. पण डेस्कटॉपवर ठेवलेलं, डाउनलोड्समधलं आणि बहुतेक घरांत डॉक्युमेंट्समधलंही सगळं सी ड्राइव्हवरच असतं. समोर पडद्यावर दिसतंय म्हणून ते वेगळं कुठेतरी आहे असं वाटतं, इतकंच.

आणि तो अक्षरांचा कचरा. ताई, तुमच्या ओव्या तेव्हाही जागच्या जागी होत्या. तुम्ही त्या युनिकोडच्या, म्हणजे मराठी अक्षरं मराठी म्हणूनच साठवणाऱ्या आजच्या पद्धतीच्या, आधीच्या एखाद्या फॉन्टमध्ये टाइप केल्या असणार : शिवाजी, कृतिदेव, श्रीलिपी किंवा पुण्याच्या सीडॅक या सरकारी संस्थेच्या आयएसएम या टायपिंगच्या सॉफ्टवेअरमधला सुरेख वगैरे. हे फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्याच जागी मराठी आकार बसवतात. फाइलमध्ये साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि खुणा. त्यांना मराठी रूप देतो तो फॉन्ट. फॉरमॅटमध्ये फॉन्ट पुसला गेला की खालची अक्षरं उघडी पडतात. फॉन्ट परत टाकला की ओवी परत दिसते. फॉन्टचं नाव कळायला वर्डमध्ये त्या मजकुरावर क्लिक करा आणि वरच्या पट्टीवरची फॉन्टची चौकट पाहा. कॉम्प्युटरमध्ये तो फॉन्ट नसला तरी तिथे नाव दिसतं. ते वहीत लिहून ठेवा. तो फॉन्ट परत टाकून घ्या. मग सी ड्राइव्हमधल्या विंडोज फोल्डरात फॉन्ट्स नावाचं फोल्डर आहे, त्यातून त्या नावाची फाइल उचलून ओव्यांच्या शेजारीच कॉपी करा. आयएसएम किंवा श्रीलिपीची मूळ सीडी किंवा डोंगल घरात असेल तर तेही तिथेच सांभाळून ठेवा. याशिवाय प्रत्येक फाइलची एक पीडीएफ करा. पीडीएफ करताना फॉन्ट सहसा तिच्या आतच बसतो, त्यामुळे ती कोणत्याही कॉम्प्युटरवर, मोबाइलवरही वाचता येते. सवडीनं सगळं युनिकोडमध्ये आणा, त्यासाठी रूपांतर करून देणारी साधनं आहेत. मात्र जोडाक्षरं, रफार आणि ऱ्हस्व इकार तेवढे डोळ्यांत तेल घालून तपासा, गडबड तिथेच होते. गावाकडच्या बोलीतले शब्द यंत्राला ओळखू येत नाहीत, तुम्हाला येतात. हे काम तुमच्याइतकं नीट दुसरं कोणी करू शकणार नाही.

एवढं झालं की मग कॉम्प्युटरला बिनधास्त हात लावा.

सकाळच्या त्या अर्ध्या तासापासून सुरुवात करू. कॉम्प्युटर सुरू झाला की कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन की एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. छोटी चौकट आली तर खाली ‘मोअर डिटेल्स’ आहे, त्यावर क्लिक करा. वर सीपीयू (म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू), मेमरी, डिस्क असे रकाने आणि त्यांच्या डोक्यावर टक्के दिसतील. काही करू नका, चहा घेत पाहत बसा. माझा अंदाज असा की सीपीयू १५-२० टक्क्यांवर निवांत असेल आणि डिस्क १०० टक्क्यांना चिकटलेली असेल. विंडोज सुरू झाल्याबरोबर अपडेट शोधणं, व्हायरस तपासणी, फायलींची यादी करणं अशी कामं पाठीमागे एकदम निघतात आणि सगळ्यांना डिस्कवरचं वेगवेगळ्या कोपऱ्यांतलं हवं असतं. त्या फिरत्या तबकडीला सेकंदाला जेमतेम शंभरेक ठिकाणी पोहोचता येतं. एसएसडीला, म्हणजे फिरता भाग नसलेल्या डिस्कला, तेवढ्याच वेळात हजारो ठिकाणी जाता येतं. अर्ध्या तासानं कामं आटोपतात, तुमचा कॉम्प्युटर मोकळा होतो. म्हणूनच ‘मग जरा बरा चालतो’.

डिस्कऐवजी मेमरी ९० टक्क्यांच्या वर दिसली तर रॅम, म्हणजे चालू कामापुरती लागणारी मेमरी, कमी पडतेय असं समजा. ती वाढवता येते. आणि सीपीयूच सतत वर असेल तर त्या रकान्याच्या नावावर क्लिक करा, सगळ्यात जास्त खाणारा प्रोग्राम वर येईल. त्याच खिडकीत स्टार्टअप म्हणून एक भाग आहे. तिथे सुरुवातीलाच उठणाऱ्या प्रोग्रामची यादी असते. रोज न लागणारे डिसेबल करा. व्हायरस तपासणारा तेवढा राहू द्या.

यावरून तुमच्या लक्षात येईल की फॉरमॅटनं महिनाभर बरं का वाटतं. साठलेले प्रोग्राम गेले, विंडोज कोरं झालं, भार कमी झाला. डिस्क तीच राहिली. महिन्याभरात भार परत वाढतो आणि आपण पुन्हा त्याच जागी. दुरुस्तीला येणाऱ्या मुलाला मी फसवा म्हणणार नाही. त्याला दिवसात दहा घरं करायची असतात, तुमच्याकडे बसून अर्धा तास टक्के पाहायला त्याला परवडत नाही आणि फॉरमॅटनं गिऱ्हाइकाला लगेच फरक दिसतो. पण विंडोजच्या फायली बिघडल्यात किंवा खरंच व्हायरस शिरलाय, अशा वेळी फॉरमॅट उपयोगाचा. दमलेल्या डिस्कवर, मेलेल्या सेलवर, धूळ बसलेल्या पंख्यावर त्याचा काडीचा उपयोग नाही. पुढच्या वेळी तो ‘मारून टाकू’ म्हणाला की शांतपणे विचारा : नेमकं काय बिघडलंय, आणि ते फॉरमॅटनं कसं जाईल?

डिस्कची तब्येत स्वतः पाहता येते. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा एक मोफत प्रोग्राम आहे, त्याच्या मूळ साइटवरूनच उतरवा. उघडल्यावर निळा रंग आणि ‘गुड’ दिसलं तर ठीक. पिवळा आणि ‘कॉशन’ दिसलं तर डिस्क बदलायचीच असं ठरवा. लाल दिसलं तर थांबू नका. पिवळ्या-लाल डिस्कवर डीफ्रॅग किंवा चेकडिस्क हे डिस्क आवरायचे-तपासायचे प्रोग्राम चालवू नका. नेटवर हे उपाय जागोजागी सांगितलेले असतात, पण आजारी डिस्कला त्या श्रमांनीच शेवटचा धक्का बसतो. आधी नक्कल, मग बाकीचं. आतून टक-टक आवाज येत असेल तर बंदच करा आणि जाणकाराकडे न्या.

तारीख मागे जाण्याचं कारण अगदी किरकोळ आहे. मदरबोर्डवर, म्हणजे आतल्या मुख्य पाटीवर, रुपयाच्या नाण्यासारखा एक सेल असतो, सीआर २०३२, तीन व्होल्टचा. वीज नसताना घड्याळ तो चालवतो. आपल्याकडे रात्री भिंतीवरचं बटण बंद करायची चांगली सवय असते, त्यामुळे रात्रभर सगळा भार त्या सेलवरच. तो संपला की सकाळी कॉम्प्युटरला वाटतं आपण काही वर्षांपूर्वीच आहोत. आणि वेबसाइटच्या ओळखपत्रावर ‘या तारखेपासून त्या तारखेपर्यंत वैध’ असं असतं. कॉम्प्युटरच्या लेखी ती तारीख अजून उजाडलेलीच नसते, म्हणून तो उघडू देत नाही. तुमच्या बँकेच्या साइटला काही झालेलं नाही. आज तारीख हातानं बरोबर करा, साइट उघडतील. सेल घड्याळाच्या दुकानातही मिळतो. सुरू करताना काळ्या पडद्यावर एफ १ दाबायला सांगितलं तर तेही बहुधा याच सेलमुळे.

कोपऱ्यातल्या ‘व्हायरस सापडला’च्या चौकटींना मात्र घाबरू नका आणि त्यांच्यावर क्लिकही करू नका. कधीतरी एखाद्या साइटनं ‘अलाउ’ विचारलं असेल आणि वाचता वाचता ते दाबलं गेलं असेल. तेव्हापासून ती साइट तुमच्या पडद्यावर जाहिराती चिकटवते आहे. क्रोममध्ये उजवीकडच्या वरच्या तीन टिंबांतून सेटिंग्ज, मग प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स. परवानगी दिलेल्या साइटची यादी दिसेल. अनोळखी नावं काढून टाका. पुढे कधी पूर्ण पडदाभर इशारा आला, भोंगा वाजू लागला आणि खाली फोन नंबर दिला असेल, तर तो नंबर लावू नका. मायक्रोसॉफ्ट आपल्या इशाऱ्यांमध्ये फोन नंबर देत नाही. त्या नंबरवरचा गोड बोलणारा माणूस तुम्हाला एनीडेस्कसारखं, दुरून कॉम्प्युटर चालवू देणारं काहीतरी घ्यायला लावेल आणि तुमच्या डोळ्यांदेखत बँकेत शिरेल. असं कुणाच्या बाबतीत झालंच तर लाजत बसू नका. ताबडतोब १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनला फोन करा. पैसे पुढे सरकण्याआधी अडवायचे असतील तर इथे मिनिटांना किंमत आहे.

आता ती पावसाळ्यातली बीप. पडदा काळा आणि आतून बीप, यात पहिला संशय रॅमवर. दमट हवेत तिच्या सोनेरी पट्ट्यांवर बारीक थर चढतो आणि संपर्क तुटतो.  हे काम घरी करता येतं, फक्त घाई नको. भिंतीवरचं बटण बंद करा, मागची वायर काढा आणि पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेला भार निघून जाईल. बाजूचा पत्रा सहसा मागच्या दोन स्क्रूंवर असतो. आत हात घालण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या धातूला स्पर्श करा आणि मोबाइलवर आतला फोटो काढून ठेवा. रॅम म्हणजे बोटभर रुंदीची उभी पट्टी, दोन्ही टोकांना चिमटे. चिमटे बाहेर दाबले की पट्टी वर उचलते. कडेला धरूनच काढा. पेन्सिलचा साधा, स्वच्छ खोडरबर घ्या आणि सोनेरी पट्ट्यांवरून एकाच दिशेनं हलक्या हातानं फिरवा. काळसर डाग जातील. रबराचा चुरा कोरड्या ब्रशनं झाडा, फुंकर मारू नका, तोंडातली वाफ लागते. परत बसवताना पट्टीतली खाच आणि जागेतला उंचवटा जुळवा. दोन्ही टोकं सरळ खाली दाबा, चिमटे कट्ट आवाज करून आपोआप बसले पाहिजेत. पहिल्यांदा पुरतं न बसणं हीच नेहमीची चूक, तेवढ्यानंही बीप चालूच राहते. आत आहातच तर पंख्याचं पातं बोटानं धरून त्यावरची धूळही ब्रशनं काढा.

एकच पेटी कधीही उघडायची नाही : वायर जिथे लागते ती पॉवर सप्लायची, म्हणजे एसएमपीएस. वायर काढल्यावरही तिच्यात विजेचा धोकादायक साठा राहतो. तिथून जळका वास आला की काम जाणकाराचं.

आणि उघडायची इच्छाच होत नसेल, तर नका उघडू. पैसे देऊन करून घेण्यात काहीच कमीपणा नाही. मात्र टास्क मॅनेजर पाहणं आणि फायलींची नक्कल करणं, ही दोन कामं दुसऱ्यावर टाकू नका.

मुलाबद्दल तुम्ही जरा दुखावून लिहिलंत. तो वैतागतो हे खरं, पण ‘चालत नाही रे’ एवढ्यावरून शेकडो मैल दूर त्यालाही काही दिसत नाही. पडद्याचा फोटो व्हॉट्सअपवर पाठवा, त्यावरचा इंग्रजी मजकूर जसाच्या तसा दिसू द्या. ‘डिस्क १०० टक्के आहे, सीपीयू १५ टक्के, तारीख २०१४ची दाखवतोय’ असं सांगितलंत की संभाषणाचा सूरच बदलेल, बघा. विंडोजमध्ये क्विक असिस्ट नावाचा प्रोग्राम असतो. मुलानं सांगितलेला आकड्यांचा कोड त्यात टाकला की त्याला तुमचा पडदा तिकडे दिसतो. अर्थात भामटेही हेच साधन वापरतात, तेव्हा नियम एकच ठेवा : फोन तुम्ही स्वतः मुलाला केला असेल तरच कोड टाकायचा. मदत मागायची वेळही कामाच्या मधली नको, रविवारची ठरवून घ्या.

एक वही ठेवा. तारीख, काय दिसलं, त्याआधी काय केलं होतं, मग काय केलं. एका वेळी एकच बदल करा, नाहीतर कशानं बरं झालं ते कळत नाही. आणि काहीही अडलं की आधी रीस्टार्ट करा, शटडाउन नव्हे. विंडोज ८ पासून शटडाउन केल्यावर कॉम्प्युटर लवकर सुरू व्हावा म्हणून आतली बरीचशी स्थिती जपून ठेवली जाते, अडलेलं तसंच अडून राहतं. रीस्टार्टमध्ये सगळं नव्यानं सुरू होतं.

राहिला प्रश्न नव्याचा. विंडोज १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी सुरक्षेचे अपडेट वाढवून घेण्याची सोय मायक्रोसॉफ्टनं १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जाहीर केली, सेटिंग्जमधल्या अपडेटच्या पानावर तिचा दुवा दिसतो का ते पाहा. तुमच्या २०१४च्या यंत्रावर विंडोज ११ अधिकृतपणे बसणार नाही, त्याच्या अटीच नव्या आहेत. म्हणजे बँकेचे व्यवहार आणि पासवर्ड यांच्यासाठी कधीतरी नवं यंत्र लागेल, हे मी लपवणार नाही. पण हळू चालतंय या कारणासाठी आजच घेऊ नका. बँकेचं काम मोबाइलवर न्या. या कॉम्प्युटरला एसएसडी बसवा, नव्या यंत्राच्या मानानं हा खर्च फार लहान आहे. ओव्या टाइप करायला तो अजून काही वर्षं आरामात चालेल. विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली बसवायचा सल्लाही कुणी देईल. सल्ला वाईट नाही, पेन ड्राइव्हवरून चालवून आधी पाहताही येतं. पण तुमचं जुनं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर त्यावर चालेलच असं नाही, म्हणून ओव्या युनिकोडमध्ये येईपर्यंत थांबा.

एसएसडी बसवायला दिलीत की दुकानात नेमके हे शब्द वापरा : ‘नवीन विंडोज टाकू नका, आहे ती डिस्क क्लोन करून द्या.’ क्लोनमध्ये फॉन्ट, सॉफ्टवेअर, फायली सगळं जसंच्या तसं येतं. डिस्क खराब असल्यानं क्लोन होत नसेल तर ते आधी फोन करून सांगायला लावा, परस्पर फॉरमॅट नको. आणि काम झालं की जुनी हार्ड डिस्क मागून घ्या. ती तुमची आहे, तिच्यात तुमचे फोटो आहेत. तिच्यावर तारीख लिहून कपाटात ठेवा, आणि नव्या डिस्कवरची प्रत्येक ओवी उघडून पाहिल्याशिवाय ती कुणालाही देऊ नका.